टिनाच्या बागेचा मालक

ज्ञानचंदशेठ बरडियांच्या घरात कांदा येत नसे, पण त्यांचा एकुलता एक मुलगा संयम नाकाने कांदे सोलण्यात अख्ख्या जळगावात कोणाला हार जाणारा नव्हता. नेरी नाक्याजवळ त्यांचं पंप, मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. सकाळी दुकान उघडलं की संयम गल्ल्यामागे येऊन बसायचा, कानांत इयरफोनची दोन पांढरी बोंडं खुपसायचा आणि समोर उभ्या राहिलेल्या माणसाकडे असं बघायचा, की आपण पंप घ्यायला आलोय की माफी मागायला, असा त्या बापड्याला प्रश्न पडावा.

छत्तिशीला आलेला हा माणूस गावातल्या एकाही आवाजाला सोडत नसे. वरातीतला डीजे ही त्याच्या लेखी सार्वजनिक उलटी होती. नवरात्रातला गरबा, आईच्या मोबाइलवर पहाटे सुरू होणारी स्तवनं, चौकाचौकातले ढोल, सगळं एका पोत्यात भरून तो तापीत सोडून द्यायला तयार होता. पण त्याचा खरा राग होता तो डॉक्टर-वकिलांच्या क्लबातल्या कराओकेवर. हातात माइक धरलेला, घामाघूम झालेला डोळ्यांचा डॉक्टर आणि त्याला दाद देणाऱ्या त्याच्याच पेशंट बायका हे दृश्य त्याने एकदा पाहिलं होतं, आणि त्यानंतर चष्म्याचा नंबर तपासायला तो भुसावळला जाऊ लागला.

ज्यांना कान आहेत असे लोक जगात थोडे, आणि बाकीच्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं कातडं चिकटवलेलं आहे, असं त्याचं ठाम मत होतं. खान्देशात कान असलेला माणूस त्याच्या माहितीत एकच होता.

त्या एकाच माणसाच्या कानांत जे वाजत असे त्याचं नाव ‘ऑर्चर्ड ऑफ टिन’. टिनाची बाग. बँडचं नाव ‘मिसेस पेनफोल्ड’, आणि बँडमध्ये बाई एकही नाही. इंग्लंडातल्या कुठल्याशा कारखान्यांच्या गावचे चार दाढीवाले बाप्ये. त्यांनी हा एक अल्बम केला, त्याची कोणी विशेष दखल घेतली नाही, मग त्यांची आपसात भांडणं झाली आणि ते चार दिशांना गेले. संयमच्या दृष्टीने ह्यात अल्बमचं काही कमी झालं नाही. उलट ज्याची दखल जगाने घेतली नाही त्याची दखल आपण घेतली, ह्यात त्याला आपल्या कानांची थोरवी दिसायची.

आणि खरं सांगायचं तर अल्बम होताही तसाच. पहिल्या गाण्यात गिटारी पत्र्यावर पत्रा घासावा तशा घासत येतात, माणूस सावरून बसतो, तोच दुसऱ्या गाण्यात कोणी अकॉर्डियन घेऊन जत्रेत शिरल्यासारखं शिरतं. चौथ्यात ट्रंपेट आणि ताशासारखे ड्रम, पाचव्यात एखाद्या जुन्या हॉटेलातला पियानो, सहाव्यात नुसती कुजबुज. शेवटचं गाणं चक्क अंगाई. इतकी वेगवेगळी माणसं एका पंगतीला बसवली आणि कोणाचं ताट कोणाला लागलं नाही. ह्या सगळ्यात संयमचा जीव होता तो सातव्यात. ‘अंडर द मिल’, अकरा मिनिटांचं. पहिली चार मिनिटं जवळजवळ काहीच नाही: दूरवर एक क्लॅरिनेट, पाण्याचा थेंब, कोणाचा तरी श्वास. ऐकणारा नकळत पुढे वाकतो, आवाज वाढवतो, आणि तेवढ्यात कसलीही सूचना न देता सगळी वाद्यं एकदम अंगावर कोसळतात आणि एक माणूस गळ्याच्या शिरा तुटेस्तोवर ओरडू लागतो.

हे गाणं त्याने पहिल्यांदा ऐकलं ते शिरपूरला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. हॉस्टेलातल्या इंदूरच्या एका मुलाच्या हार्ड डिस्कवर ते होतं. त्याच आठवड्यात ज्ञानचंदशेठांचा फोन आला होता, की परीक्षा झाली की सामान घेऊन ये, गादी तुझी वाट बघतेय. संयमला पुण्याला जाऊन साउंड रेकॉर्डिंग शिकायचं होतं. फोनवर तो ‘हो पप्पा’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी, लाइट गेलेली, पंखा बंद, घामाने गादीला चिकटलेला असा तो पडला होता, आणि सातव्या गाण्यातला तो माणूस ओरडला. संयम उठून बसला. आपल्या वतीने कोणीतरी ओरडलं असं त्याला वाटलं. एकदा दुसरं कोणी ओरडलं म्हटल्यावर स्वतः ओरडायची गरज उरली नाही. परीक्षा संपली, त्याने सामान बांधलं आणि तो गादीवर येऊन बसला. बापाला तो काही बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून गल्ल्यापलीकडच्या प्रत्येक माणसाला त्याने मनातून कस्पटासमान मानायला सुरुवात केली.

लग्न झालं धुळ्याच्या विधीशी. मुलगी शिकलेली, हसरी, कापडवाल्यांच्या घरातली. पहिल्यांदा तिला माहेराहून आणताना त्याने गाडीत अल्बम लावला. त्याने मनात ही परीक्षाच ठरवली होती. तिला बिचारीला आपण परीक्षेला बसलोय हे माहीतही नव्हतं. पारोळ्याच्या आसपास सातवं गाणं सुरू झालं, तेव्हा ती खिडकीला डोकं टेकून झोपलेली होती. जागी झाल्यावर म्हणाली, चौथं गाणं छान आहे, आमच्या धुळ्याच्या लग्नाच्या बँडसारखं. नाव काय त्याचं? संयमने दात आवळून सांगितलं, ‘बुचर्स हॉलिडे’, म्हणजे खाटकाची सुट्टी. विधी खुदकन हसली आणि म्हणाली, म्हणजे आपल्या पर्युषणातलंच की, तेव्हा खाटकांची दुकानं बंदच असतात. त्यानंतर संयमने तिच्यासमोर अल्बम कधी लावला नाही. तिनेही कधी मागितला नाही, आणि हे तिच्या अडाणीपणाचं आणखी एक प्रमाण म्हणून त्याने धरलं.

मन मोकळं करायला त्याच्यापाशी एक परदेशी वेबसाइट होती. अल्बमचे जगभरातले चाहते तिथे लिहीत. म्हणजे फार वर्षांपूर्वी लिहीत असत. संयमने सातव्या गाण्यावर इंग्रजीत लांबलचक लेख लिहिला. फिनलंडच्या कोणा गृहस्थाने त्याला उभा अंगठा दिला. त्या अंगठ्यावर संयमने वर्ष काढलं.

असा हा माणूस एका मे महिन्याच्या दुपारी गल्ल्यावर बसला असताना बाहेर रस्त्यावर ‘बुचर्स हॉलिडे’ वाजू लागलं.

आधी त्याला वाटलं, आपल्याच मोबाइलचा आवाज फुटला. त्याने कानांतली बोंडं काढली, मोबाइल बंद केला. गाणं चालूच. दुकानाच्या दाराशी एक लाल ट्रॅक्टर येऊन थांबला होता, मागे रिकामी ट्रॉली, आणि मडगार्डवर बसवलेल्या स्पीकरमधून मिसेस पेनफोल्डचा ट्रंपेट नेरी नाक्याला जाग आणत होता. ट्रॅक्टरवरून तिशीतला एक दणकट माणूस उतरला, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत आत आला आणि पाइपांची चौकशी करू लागला.

संयमने विचारलं, हे गाणं कुठून आणलं.

त्या माणसाचं नाव प्रेमराज. असोद्याचा, केळीवाला. त्याने खुशीत सगळी हकिगत सांगितली. कुठल्याशा देशातल्या केळीतोडणीचा व्हिडिओ तो मोबाइलवर बघत होता, त्यात घड तारेवरून सर्रकन घसरत जातात आणि मागे हे गाणं. घड राहिले बाजूला, गाणंच डोक्यात बसलं. मग भाच्याकडून त्याने ते शोधून घेतलं, तर त्याच्यामागे आणखी नऊ गाणी निघाली. आता ट्रॅक्टर सुरू केला की हेच. शेठ, तुम्हाला माहितीये हे? पेनफोल्डबाईचं आहे.

“बाई नाही ती,” संयम म्हणाला.

आपल्या देवघरात कोणी चपला घालून शिरावं, आणि वर घंटा वाजवून ‘छान आहे हो’ म्हणावं, तसं त्याला झालं. केळीतोडणीचा व्हिडिओ! त्याने त्या माणसाला दोन-चार प्रश्न विचारले. अल्बम कोणत्या वर्षीचा, ड्रम कोण वाजवतं, ‘टिनाची बाग’ म्हणजे काय. प्रेमराजला एकाचंही उत्तर येईना आणि येत नाही ह्याची त्याला लाजही वाटेना. सातवं गाणं? हां, ते मधेच झोपतं ते. ते मी पुढे ढकलतो.

संयमने पाइप मोजून दिले आणि तो गेल्यावर बराच वेळ गल्ल्यावरची धूळ फडक्याने झटकत राहिला.

पण प्रेमराज चिवट निघाला. आपल्याला आवडणारी गोष्ट आवडणारा आणखी एक माणूस जळगावात आहे, ह्याचा त्याला इतका हर्ष झाला होता, की समोरच्याचा चेहरा आंबट आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मार्केटला आला की तो दुकानात डोकवायचा. कधी हातात केळ्यांची फणी, कधी नुसताच. संयमभाऊ म्हणायचा. पहिल्या गाण्यात तो जो पत्रा फाटतो तो मला आता आवडायला लागला, असं सांगायचा. अंगाई त्याने आपल्या लहान मुलीला ऐकवली होती. ती झोपली नाही, पण टकाटका बघत राहिली. संयम ऐकून घ्यायचा, मनात हेटाळणी करायचा, आणि मग बोलायला लागायचा. कारण पंधरा वर्षांत ह्या विषयावर त्याच्याशी कोणी बोललंच नव्हतं. तो ताल समजावून द्यायचा, पाचव्या गाण्यातला पियानो मुद्दाम थोडा बेसूर का ठेवलाय ते सांगायचा. प्रेमराज तोंड उघडं ठेवून ऐकायचा. ज्ञानचंदशेठ पलीकडे बसून मुलाकडे बघत असायचे. मुलाला एवढी वाक्यं येतात हे त्यांना नवीन होतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र संयम विधीला सांगायचा, की आज पुन्हा तो केळीवाला येऊन डोकं खाऊन गेला. अडाणी माणूस. त्याला काय कळतंय.

“मग येऊ नको म्हणून सांगा,” विधी म्हणायची. ते काही त्याने सांगितलं नाही.

जुलैत एका दुपारी दुकान रिकामं होतं. संयमने घरचे महागडे हेडफोन आणले होते. ते त्याने प्रेमराजच्या डोक्यावर चढवले आणि बजावलं, की आज सातवं गाणं अर्धवट सोडायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. प्रेमराज स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून फोटोला बसल्यासारखा बसला. चार मिनिटांनी त्याचं अंग एकदम दचकलं. मग त्याने डोळे मिटले आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत. संयम त्याच्याकडे असा बघत होता, की कोणी पाहिलं असतं तर तोच परीक्षेला बसलाय असं वाटलं असतं.

हेडफोन काढून प्रेमराजने टॉवेलने तोंड पुसलं. मग म्हणाला, “त्या माणसाची मला कीव आली, भाऊ. एवढं ओरडावं लागलं त्याला, म्हणजे घरात त्याचं कोणी ऐकत नसंल.”

संयमचे कान तापले. कीव! त्या आवाजाची कीव! त्याने हेडफोन ओढूनच घेतले, डब्यात ठेवले आणि मोटारीच्या वाइंडिंगचं काम आहे असं सांगून तो आत गेला. तिकडे वाइंडिंगचं काहीही काम नव्हतं.

प्रेमराजला ह्यातलं काही समजलं नाही. ऑगस्ट संपता संपता तो पोळ्याचं आमंत्रण घेऊन आला. गेल्या वर्षी त्याने बैलजोडी विकली होती आणि पोळ्याला दारात काही नाही म्हणून आईने दिवसभर तोंड उतरवलं होतं. यंदा तो ट्रॅक्टर सजवणार होता. गावात असे सात-आठ ट्रॅक्टर निघत. आधी बैल, त्यांच्यामागे ट्रॅक्टर. प्रेमराजने मोठे स्पीकर ठरवले होते आणि त्यांच्यावर वाजणार होती फक्त टिनाची बाग. तुम्ही नसले तर मजा नाही, भाऊ. तुमच्याशिवाय तिथं कोणाला त्याची किंमत?

हे शेवटचं वाक्य संयमला पटलं. शिवाय आपला अल्बम असोद्याच्या चिखलात कसा लोळवला जातो ते एकदा डोळ्यांनी बघावं, अशी एक आंबट उत्सुकताही त्याला होती. पर्युषण चालू होतं. विधीने अठाई धरली होती, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर, आणि तो तिचा चौथा उपवास होता. आईवडील जैन स्थानकात प्रवचनाला गेले होते. विधी पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने म्हणाली, जा, पण लवकर या, मला जिना चढताना आज चक्कर आली. संयमला उपवास करणाऱ्यांबद्दलही मत होतंच. ते त्याने त्या वेळी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

असोद्याच्या वेशीपाशी तो पोचला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. त्याच्यासमोर बैलांच्या जोड्या रांगेत उभ्या, शिंगं हिंगुळाने रंगवलेली, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. मानाची जोडी सगळ्यांत पुढे, तिच्या कासऱ्याला हिलालबाबा नावाचे नव्या पागोट्यातले म्हातारे. तोरण तुटून पोळा फुटायची, म्हणजे बैल गावात शिरायची, सगळे वाट बघत होते. बैलांच्या मागे ट्रॅक्टर, फुगे, बेगड, झेंडूच्या माळा. प्रेमराजच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर गेरूचे ठसे होते आणि चक्क एक झूलही घातलेली होती. संयमने ते बघून नाक मुरडलं.

‘बुचर्स हॉलिडे’ चालू होतं आणि लोक नाचत होते. लोक म्हणजे सगळेच, कॉलेजातली पोरं, धोतरातले दोघं-तिघं, कडेवर मूल घेतलेला एक बाप. ट्रंपेट चढला की सगळे हात वर करायचे आणि ड्रम आला की खाली बसून पुन्हा उसळायचे. कोणी शिकवलं होतं देव जाणे. बैलांनाही त्या तालाचं काही वाटत नव्हतं. माना हलवत, घुंगरं वाजवत ते उभे होते. संयमला मात्र आपल्या अंगावरचा शर्ट काढून कोणीतरी फडक्यासारखा वापरावा तसं वाटत होतं. ह्या माणसांनी वर्ष वर्ष एकट्याने ते गाणं ऐकलं नव्हतं. त्यासाठी कोणाचा उपहास सोसला नव्हता. दोन मिनिटांत ते त्यांचं झालं होतं.

तेवढ्यात प्रेमराजने माइक घेतला आणि जाहीर केलं, की हे गाणं ज्यांच्यामुळे मला समजलं ते आमचे मित्र संयमभाऊ, नेरी नाक्याचे पंपवाले, आपल्या गावात आलेत. लोकांनी टाळ्या पिटल्या. दोघांनी संयमला हात धरून ट्रॅक्टरवर चढवलं. प्रेमराजने आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. “आता तुमच्या पसंतीचं लावा, भाऊ.”

संयमने खाली बघितलं. घामेजलेले, गुलालाने माखलेले, दात काढणारे चेहरे. आता ह्यांना दाखवतोच, असं त्याच्या मनात आलं. त्याने सातवं गाणं लावलं.

नाचणारे थांबले. क्लॅरिनेट कुठेतरी लांब वाजत होता, पण उघड्या माळावर तो कोणाला ऐकू येणार? पोरं एकमेकांकडे बघू लागली. कोणीतरी ओरडलं, की बंद पडलं. कोणी म्हणालं, शेठचं गाणं मौनव्रतात आहे. हशा पिकला. संयम ओठ मुडपून उभा होता. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. पंडित नावाचा स्पीकरवाला वायरी तपासत मागून आला, त्याने कान लावून ऐकलं, आवाज फारच बारीक आहे असं म्हणाला आणि मशिनीवरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

संयमने ते पाहिलं. पुढे काय येणार आणि कधी येणार हे त्या गर्दीत एकट्या त्याला माहीत होतं. पंधरा वर्षं तो ती जागा श्वासागणिक ओळखत होता. तोंडातून ‘थांब’ एवढा शब्द काढायला, नाहीतर हातातल्या मोबाइलवर बोट टेकवायला वेळ भरपूर होता. तो काही बोलला नाही. मौनव्रत म्हणता काय, ऐका मग, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि तो किंचित हसतही होता.

मग ते कोसळलं.

वेशीच्या भिंतीवरची कबुतरं एकदम उडाली. बायकांनी मुलांना पोटाशी धरलं. आणि बैल बिथरले. मागच्या जोड्या आडव्या झाल्या, झुली पायांत अडकल्या, मानाच्या जोडीने कासरा हिसकला आणि तोरण अंगावर घेऊन ती गावात उधळली. हिलालबाबांनी कासरा सोडला नाही. चार-पाच हात फरफटत गेल्यावर तो आपोआप सुटला.

प्रेमराजने उडी मारून स्पीकरची वायर ओढली. म्हातारे धुळीत बसले होते, पागोटं लांब पडलेलं, उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. माणसं गोळा झाली. बैलांच्या सणाला, त्यांच्या वर्षाच्या एका दिवसाला, हे कोणी केलं, असं विचारणं सुरू झालं, आणि विचारणाऱ्यांचे आवाज चांगले नव्हते. संयमच्या हातात मोबाइल तसाच होता. प्रेमराजने तो त्याच्या हातून काढून घेतला आणि लोकांकडे वळून म्हणाला, “माझ्याच फोनवरून लागलं. चुकीचं गाणं दाबलं गेलं माझ्याकडून.”

दोघा-तिघांनी त्याला शिव्या दिल्या. एकाने गचांडी धरली, पण म्हाताऱ्यांना आधी दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून सोडली. प्रेमराजने हिलालबाबांना कोणाच्या तरी गाडीत घातलं. जाताना संयमला म्हणाला, “भाऊ, तुम्ही घरी चला. आई जेवायला वाढंल.”

संयम गेला. गावातून एकट्याने बाहेर पडायची त्याला भीती वाटत होती, म्हणून गेला. प्रेमराजची आई ताईबाई मूळची शिरपूरकडची. बातमी तिच्या कानावर आधीच आली होती. तिने पाट मांडला, खापरावरची पातळ पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली. कांदा-लसूण कशातच घातलेला नाही, पोऱ्याने सकाळीच बजावून ठेवलंय, असंही तिने सांगितलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “जेवी ल्या, भाऊ. मना पोऱ्या रोज तुमनंच नाव लेस. आज मातर त्यानी बठ्ठा गावमा मनं नाक कापं. अक्कल शे का त्याले काही?”

ह्या जागी एक वाक्य बोलायचं होतं. संयमने पुरणपोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, की असतात एकेक माणसं तशी, मावशी. दोन पोळ्या खाऊन तो मागच्या रस्त्याने बाहेर पडला.

रात्री प्रेमराजचा फोन आला. हिलालबाबांचा खांदा निखळला होता, तो बसवला, आता बरं आहे. पुढच्या वर्षीपासून गावात पोळ्याला ट्रॅक्टर आणायचा नाही असं ठरलं. तुम्ही नीट पोचले ना, हे विचारायला केला होता. संयम पलंगावर लोळत होता. शेजारच्या खोलीत विधी झोपली होती. ह्या घटकेला त्याने नुसतं ‘हो, पोचलो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण दिवसभर आपलं काहीतरी हिसकावलं गेल्याची त्याची चीड अजून उतरली नव्हती.

“एक सांगू का प्रेमराज?” तो म्हणाला. “तुमच्या अख्ख्या गावात ते गाणं कळलं ते फक्त बैलांना.”



“बरं भाऊ,” प्रेमराज म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

हे वाक्य संयमला एवढं आवडलं, की त्याने ते इंग्रजीत करून वेबसाइटवर टाकलं.

चार दिवसांनी संवत्सरी आली. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं असेल त्याची ह्या दिवशी हात जोडून क्षमा मागायची. ज्ञानचंदशेठ म्हाताऱ्या पायांनी बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरून आले. विधीने धुळ्याला फोन लावून वहिनीपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांशी बोलून घेतलं, आणि मग संयमला म्हणाली, की असोद्याला जाऊन या. पोळ्याला नेमकं काय झालं हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. पण तो त्या संध्याकाळी आल्यापासून चिडचिड करत होता, त्यावरून तिने ओळखलं होतं. संयमने हो-हो केलं. मोबाइलवर आयतं आलेलं कमळाचं आणि दिव्याचं चित्र, खाली ‘मिच्छामि दुक्कडम्’, त्याने एका फटक्यात सगळ्या नंबरांना पाठवून दिलं. त्यात प्रेमराजचाही नंबर होता. प्रेमराजचं उत्तर आलं, ‘तुम्हाला पण खूप खूप शुभेच्छा.’ संयमने ते विधीला दाखवलं. बघ, क्षमा मागितली तर शुभेच्छा देतोय, ही ह्या लोकांची समज.

विधीने मोबाइल परत दिला. दुसऱ्या दिवशी पारण्याला, म्हणजे उपवास सोडताना, मुगाचं पाणी तिने त्याच्या हातून न घेता सासूच्या हातून घेतलं.

प्रेमराज पुन्हा दुकानात आला नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दिवाळीच्या आधी, केळीला पाणी द्यायची घाई असते तेव्हा, त्याचा लाल ट्रॅक्टर नाक्यापलीकडच्या दुसऱ्या दुकानासमोर उभा दिसला. स्पीकर होता, वाजत काही नव्हतं. ज्ञानचंदशेठांनी पायरीवरून ते बघितलं आणि आत येऊन मुलाला विचारलं, त्या असोद्याच्या मुलाचं काही बिनसलं का.

संयम म्हणाला, “तसली गिऱ्हाइकं गेलेलीच बरी, पप्पा.”

“गिऱ्हाइकाचं काही नाही, दुसरं येईल,” ज्ञानचंदशेठ म्हणाले. “पण तू दुकानात बसायला लागल्यापासून तुझ्याशी बोलायला म्हणून आलेलं तेवढं एकच माणूस मी बघितलं.”

“बोलायला!” संयम हसला. “केळीतोडणीच्या व्हिडिओतलं गाणं ऐकतो तो. त्याच्याशी काय बोलायचं?”

ज्ञानचंदशेठ चष्मा कपाळावर सरकवून आतल्या गोदामात गेले. तिथून त्यांनी पाइप उचलू लागायला हाक मारली, ती नोकराला.